वरून काय देणार?

मागच्या वर्षी उत्तराखंडात, चढाई सुरू होण्याआधीच्या शेवटच्या गावात, आमच्या ट्रेकच्या म्होरक्याने सगळ्यांसमोर मला खाली ठेवलं. माझी सॅक एका हाताने उचलून पाहिली, ओठ मुडपले आणि म्हणाला, "अंकलजी, आप यहीं आराम कीजिए." बरोबर आलेली माझी मुलगी वर गेली. मी चहाच्या टपरीवर तिची वाट बघत बसलो. हातगाडीवर नळ विकत विकत थाटीपुरात स्वतःचं दुकान उभं केलेल्या माणसाला हा सांगतो, आराम करा! अजून आठवलं की कानशिलं तापतात.

यंदा मुलीने पुन्हा आम्हा दोघांची नावं नोंदवली. पुढच्या वर्षी ती नोकरीसाठी बाहेर जाणार. तिच्याबरोबर जायची माझी ही बहुधा शेवटचीच संधी. तिने अट घातली, "बाबा, सामान हलकं पाहिजे. भरलेली सॅक घेऊन आधी आपल्या शहरातला किल्ला चढून दाखवायचा. नहीं तो मैं अकेली जाऊंगी."

मी नया बाजारात गेलो. हलकी सॅक, हलकी स्लीपिंग बॅग, मुठीत मावेल असं जॅकेट. वजन जितकं कमी तितकी किंमत जास्त, हा कुठला न्याय? माझ्याकडे पितळी नळ जड असेल तर महाग. दुकानदार भावात तसूभर हलेना. "सेठजी, इसमें कुछ नहीं बचता." हे वाक्य मी स्वतः रोज म्हणतो, मला काय ऐकवतोस! शेवटी मी ठेवणीतला प्रश्न काढला, "ठीक है, ऊपर से क्या दोगे?" भाव तुटत नसेल तर वरून काहीतरी घेऊनच उठायचं, रिकाम्या हाताने उठला तो हरला. सॅकवर त्याने स्टीलचा थर्मास दिला, स्लीपिंग बॅगवर जाड सतरंजी, जॅकेटवर बॅटरीचा कंदील. जिंकून घरी आलो.

जिंकलेली वस्तू मागे ठेवून कोण जातं? सगळं सॅकमध्ये कोंबलं. बायको दारात उभी राहून बघत होती. "हलकी घेतलीत ना? मग एवढी फुगली कशी?"

"तुला त्यातलं काही कळत नाही," मी म्हणालो.

रविवारी सकाळी पायथ्याशी गाडी लावून आम्ही दोघं उरवाई दरवाज्याच्या बाजूने किल्ला चढायला लागलो. निम्म्या चढावर छातीचा भाता झाला. फिरायला आलेला एक म्हातारा मागून आला आणि झपाझप पुढे जाता जाता म्हणाला, "भाईसाहब, मकान खाली कर दिया क्या?" मुलगी हसली. मला दोघांचाही राग आला.

तिने कठड्यापाशी माझी सॅक उतरवून उघडली. "हा कंदील कशाला? डोक्याला लावायची बॅटरी आहे ना."

"फुकट मिळालाय."

"आणि ही सतरंजी?"

"तीही."

"मुफ्त का है तो क्या उड़ के आएगा, बाबा?"

मी भांडलो. त्या माणसाशी अख्खी दुपार घासाघीस केली, ती काय रस्त्यावर टाकायला? तिने आवाज चढवला नाही. "मग राहू दे. मी तुमचं नाव काढायला सांगते," म्हणाली आणि फोन काढला.

आयुष्य सौद्यांत गेलं. समोरचा उठून जायचं नाटक करतोय की खरंच निघालाय, हे मला पाठीवरून कळतं. ती नाटक करत नव्हती.

"थांब," मी म्हणालो. थर्मास, सतरंजी, कंदील, तिन्ही वस्तू मीच बाहेर काढल्या. ती पळत जाऊन खाली गाडीत ठेवून आली. तिला दमही लागला नाही.

उरलेला चढ मी कुठेही न टेकता चढलो. वर पोचल्यावर तिने त्याच म्होरक्याला फोन लावला. "हां भैया, दो लोग पक्के." माझ्याकडे बघून अंगठा दाखवला. खरं तर मला आनंद व्हायला हवा होता. पण माझा श्वास अगदी नीट चालला होता, म्हणजे तिचंच खरं ठरलं होतं, आणि त्याचाच जास्त संताप येत होता. खाली गाडीपाशी पोचल्यावर मी आधी तिन्ही वस्तू जागच्या जागी आहेत ना, ते पाहून घेतलं.