मानेच्या शिरेतली गुठळी

डिचोली तालुक्यातल्या शाळांतून मी आयुष्यभर शास्त्र शिकवले. ‘कारणे द्या’ हा प्रश्न मी कधी वगळला नाही. पण माझ्याच मानेची उजवी बाजू सुजली, तेव्हा कारण न तपासताच लिहून टाकले. हात फळ्यावर आणि मान वर्गाकडे वळलेली, ही माझी जुनी सवय. मान अवघडली असणार. आमचे शेजारी खनिजाचा ट्रक चालवत, त्यांचीही मान अशीच धरायची. त्यांनी खोबरेल कोमट करून दोन दिवस चोळले. तिसऱ्या दिवशी मला थंडी वाजून ताप चढला.

इस्पितळात सोनोग्राफी झाली. पडद्यावर बोट ठेवून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “मास्तर, ही मानेची मोठी शीर. हिच्यात रक्ताची गुठळी झालीय. आता इथं कुणीही चोळायचं नाही.”

गुठळीमागे बहुधा काही कारण असते, हे त्यांनी नीट समजावले. शिरेत कधी नळी घातलेली असते, जवळपास कुठे पू झालेला असतो, रक्ताचाच गोठण्याकडे कल असतो. आणि क्वचित शरीरात लपलेल्या कर्करोगाची ती पहिली खूण असते. शेवटचे कारण ऐकताना मी पत्नीकडे पाहिले नाही.

“गेल्या महिन्यात आणखी काही दुखलं होतं?”

“नाही,” मी म्हणालो. प्रश्न मानेचा आहे असे समजून मी उत्तर मानेपुरते दिले.

पत्नी बांद्याकडची. घाबरली की ती माहेरच्या बोलीत जाते. “अहो, दाढेचा सांगा मा त्यांका! बाई, पंधरा दिस ह्यांनी उंड्याक तोंड लावूक नाय. चायत मऊ पाव बुडवून खातत, तोय डाव्या बाजून!”

उंड्याची, म्हणजे आमच्याकडच्या गोल पावाची, कडक साल माझ्या आवडीची. ती मी सोडल्याचे माझ्याही ध्यानात आले नव्हते.

बाईंनी माझ्या तोंडात बॅटरीचा उजेड टाकला. उजवीकडच्या खालच्या दाढेच्या मुळाशी पू होता. तरी बाकीच्या तपासण्या त्यांनी सोडल्या नाहीत; एक कारण सापडले म्हणून दुसरे नसतेच असे नाही. अहवालांची वाट पाहण्यात चार दिवस गेले. कर्करोगाची खूण कुठेच नव्हती. शिरेवाटे प्रतिजैविके दिली, दाढ काढली, रक्त गोठू न देणाऱ्या गोळ्या पुढे तीन महिने चालल्या.

त्या बंद झाल्या त्या संध्याकाळी दारोदार पाव विकणाऱ्या पोदेराचा भोंपू वाजला. पत्नीने गरम उंडे घेतले आणि समोर बसली.

“चावा आता उजव्या बाजून. मी बघतंय.”

दाढेची जागा रिकामी होती. तरी साल कुरकुरीत मोडली.