कडू करांद्याचं शुद्धिपत्र

आयुष्यात मी एकच लेख लिहिला आणि तो दुसऱ्याच्या नावावर छापून आला. लोकांना हे सांगितलं की ते हळहळतात. नावाचं दुःख मलाही झालं, नाही असं नाही. पण ते वर्षभरात ओसरलं. त्या लेखात एक चूक होती आणि ती माझी होती. ती मात्र अजून ओसरलेली नाही.

मी तेव्हा डोळखांबच्या बाजूला लोकल बोर्डाच्या शाळेत मास्तर होतो. माझं घर मुरबाडकडचं, सिद्धगडाच्या पायथ्याशी. ट्रेनिंग कॉलेज नुकतंच संपलेलं, लग्न व्हायचं होतं. दुपारी शाळा सुटल्यावर करायला काही नसे, म्हणून मी रानात हिंडायला लागलो. शाळेपासून दोन कोसांवर ठाकरांचा एक पाडा होता. तिथं पन्नाशीची एक बाई राहायची. कोणता पाला कशावर, कोणतं मूळ कधी खणायचं, हे आसपासचे लोक तिला विचारायला येत. मी तिला बाय म्हणायचो, ती मला गुरुजी म्हणायची. तिच्यामागून फिरत मी दोन पावसाळे आणि दोन हिवाळे वहीत टिपणं केली. साठ-सत्तर झाडं, वेली, कंद. त्यांची पाड्यावरची नावं, ती कशी ओळखायची आणि कशी खायची.

पुण्याहून एका संशोधन मंडळाचं त्रैमासिक निघायचं. किन्हवलीच्या हेडमास्तरांकडे ते येई. वही बघून हेडमास्तर म्हणाले, "हे असं वहीत ठेवू नका. लेख करून पाठवा. तिथं विद्वान मंडळी तपासून घेतात, मगच छापतात."

तपासून घेतात, या शब्दांवर माझी फार श्रद्धा बसली. महिनाभर बसून मी लेख लिहून काढला आणि शहापूरला जाऊन रजिस्टर पोस्टानं पाठवला. पंधरा दिवसांनी संपादकांचं कार्ड आलं. लेख मिळाला, विषयातल्या एका प्राध्यापकांकडे अभिप्रायासाठी पाठवला आहे, असं दोन ओळींत लिहिलं होतं. ते कार्ड मी महिनाभर खिशात बाळगलं.

मग एकदा सहज कच्ची प्रत घेऊन पाड्यावर गेलो. बाय अंगणात नाचणी पाखडत होती. म्हटलं, तुमचं सगळं कागदावर आलंय, ऐका. ती ऐकत होती, मधूनमधून हसत होती. कडू करांदा या रानकंदापाशी आलो तसा तिचा हात थांबला.

"ह्ये परत वाचा."

मी परत वाचलं. राख घालून एकदा उकडला की खाता येतो.

"ह्ये कोनी सांगितला तुमाला?"

"तुम्हीच सांगितलंत, बाय."

"मी नाय सांगितला. एकदा उकडून होतो तो गोड करांदा, तुमच्या गावात खातात तो. कडू करांद्याचं काप करायचं, राखंत उकडायचं, पानी वतून द्यायचं. मंग रातभर झऱ्याच्या वाहत्या पान्यात ठेवायचं. सकाळी जिभंवर ठेवून बघायचं. कडू लागला तं परत उकडायचा. ह्ये नाय केला तं मानूस आजारी पडल. मरल बी."

मी वही उघडली. समोरासमोरच्या दोन पानांवर दोन्ही करांदे होते. कडूच्या पानावर तिनं आत्ता सांगितलं ते सगळं माझ्याच अक्षरात होतं. लेख उतरवताना माझी नजर डाव्या पानावरून उजव्या पानावर घसरली होती, एवढंच झालं होतं.

ती म्हणाली, "कागुद धाडायच्या आदी मला का नाय वाचून दावला?"

खरं उत्तर असं होतं की जिला अक्षर येत नाही तिला लेख वाचून दाखवायचा, हे माझ्या मनातच आलं नव्हतं. लेख तपासायचा तो पुण्याला, अशी माझी समजूत होती. लेखातही मी तिचं नाव घातलं नव्हतं. 'एका ठाकूर स्त्रीकडून कळले' असं लिहून मोकळा झालो होतो.

दुसऱ्याच दिवशी संपादकांना पत्र टाकलं. अमुक ओळ चुकली आहे, तिथं अमुक मजकूर घ्यावा, ही चूक जिवावर बेतणारी आहे. उत्तर आलं नाही. दोन महिन्यांनी दुसरं पत्र टाकलं. त्यावर कार्ड आलं: पत्र प्राध्यापकांकडे पाठवले आहे. मला हायसं वाटलं. नंतर वर्ष गेलं, दुसरंही जवळजवळ गेलं. लेखाचं काय झालं हे विचारायला संकोच वाटायचा; मोठ्या माणसांना किती कामं असतात, असं स्वतःला समजावायचो.

एका रविवारी किन्हवलीच्या हेडमास्तरांनी निरोप पाठवून बोलावलं. त्यांच्यापुढं त्रैमासिकाचा नवा अंक होता. "हे जरा बघा," एवढंच ते म्हणाले.

लेखाचं नाव वेगळं होतं. खाली त्या प्राध्यापकांचं नाव होतं. सुरुवातीला चार पानं मोठ्या भाषेत लिहिलेली, झाडांना लॅटिन नावं जोडलेली. त्यापुढं मात्र माझीच वाक्यं एकामागून एक येत होती. एका वेलीच्या फुलाला मी कोंबड्याच्या तुऱ्याची उपमा दिली होती, तीसुद्धा तशीच होती. 'एका ठाकूर स्त्रीकडून' हे गेलं होतं आणि तिथं 'माझ्या प्रवासात' असं आलं होतं. मी भराभर पानं उलटत कडू करांद्यापर्यंत गेलो. राख घालून एकदा उकडला की खाता येतो.

हेडमास्तर माझ्या तोंडाकडे बघत होते. "चोरी आहे ही," ते म्हणाले. "लिहा त्यांना."

मी लिहिलं. उत्तर आलं नाही, तेव्हा दिवाळीच्या सुट्टीत पुण्याला गेलो. आसनगावला गाडी धरली, कल्याणला बदलली. बरोबर वही होती, कच्ची प्रत होती, रजिस्टरची पावती होती.

संपादक साठीचे, किडकिडीत, अगदी सौम्य बोलणारे गृहस्थ होते. त्यांनी मला खुर्ची दिली, चहा मागवला. माझी कच्ची प्रत आणि छापलेला लेख शेजारी ठेवून त्यांनी अर्धा तास वाचलं. मग चष्मा काढून ठेवला.

"मला दिसतंय," ते म्हणाले. "मी आंधळा नाही."

"मग?"

"मूळ लेख माझ्या हातून त्यांच्याकडे गेला तो परत आला नाही. मी दोनदा मागितला. गहाळ झाला म्हणाले. आमच्याकडे नक्कल ठेवायची पद्धत नाही. ठेवायला हवी होती. तुमची ही पावती पाकीट आलं असं सांगते, आत काय होतं ते सांगत नाही. कच्च्या प्रतीबद्दल ते म्हणतील, छापलेलं बघून लिहून काढलीय. आणि ते मंडळाच्या समितीवर आहेत. मी पगारी माणूस."

मी म्हटलं, "नाव राहू द्या त्यांचं. मला नाव नको. एवढी करांद्याची ओळ तेवढी दुरुस्त करा. पुढच्या अंकात शुद्धिपत्रात दोन ओळी घाला."

"तुमचं ते पत्र मी त्यांच्याकडे पाठवलं होतं. लेख छापायला घेताना विचारलंही. म्हणाले, असं पत्र आलं नाही आणि माझ्या माहितीत चूक नाही." त्यांनी माझी कच्ची प्रत घडी घालून माझ्यापुढं सरकवली. "गुरुजी, शुद्धिपत्र लेखकाच्या संमतीनं निघतं. लेखक म्हणतो चूक नाही. चूक आहे म्हणणारे तुम्ही, तर लेख तुमचा नाही. मी कोणाच्या म्हणण्यावरून छापू?"

"माणसं खातील ना ते."

"हे त्रैमासिक वाचून कोण रानात कंद खणायला जाणार आहे?" असं ते म्हणाले खरे, पण माझ्याकडे न बघता. निघताना जिन्यापर्यंत पोचवायला आले. मी काहीतरी करीन, म्हणाले. पुढचे चार अंक मी किन्हवलीला जाऊन पाहिले. चौथ्या अंकावर संपादक म्हणून दुसऱ्याच कोणाचं नाव होतं.

मग दुसरं महायुद्ध सुरू झालं. दोन-तीन वर्षांत धान्याची ओढाताण लागली. आमच्या भागात भात पिकतं, पण ज्यांच्याकडे शेती नाही त्यांना मोजूनमापून मिळायचं. वर्तमानपत्रांतून काय काय खाऊन निभावता येईल याची सदरं येऊ लागली. असंच एक सदर मुरबाडला माझ्या मित्राच्या हाती पडलं. हा मित्र ट्रेनिंग कॉलेजात माझ्या शेजारच्या खाटेवर होता. घाटावरचा माणूस, नोकरीपायी मुरबाडला आलेला, रानाची काही माहिती नसलेला. घरात बायको आणि म्हातारे वडील. सदरात पुण्याच्या नामांकित प्राध्यापकांच्या संशोधनाचा हवाला देऊन रानातल्या कंदांची यादी दिली होती. त्यात कडू करांदा होता, खायची रीतही होती.

त्यानं बाजारात मोळ्या विकायला येणाऱ्या एका माणसाला सांगून टोपलीभर कडू करांदे मागवले. त्या माणसानं विचारलंही होतं म्हणे, "मास्तर, तुमाला याची रीत म्हाईत हाय ना?" मित्र म्हणाला, माहीत आहे, छापून आलंय.

मला निरोप मिळून मी मुरबाडला पोचलो तेव्हा कंद खाऊन तीन दिवस झाले होते. मित्राचा त्या दिवशी निर्जळी उपास होता, म्हणून त्यानं खाल्लं नव्हतं. बायकोला उलट्या झाल्या होत्या, पण ती उठून बसली होती. वडील मात्र आडवे होते. डोळे पिवळे झालेले, पोटात पाणी ठरत नव्हतं. डॉक्टर येऊन गेले होते. त्यांचं म्हणणं, वय झालंय, यकृत आधीच अधू असेल, त्यात हे निमित्त. नवव्या दिवशी म्हातारे गेले. ते कंदानं गेले की वयानं, हे खात्रीनं कोणीच सांगितलं नाही. मला ते कधीच कळणार नाही.

तेरावं झाल्यावर मी मित्राला ओसरीवर बसवून सगळं सांगितलं. वही दाखवली, डावं पान, उजवं पान. त्यानं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"तुझा लेख होता म्हणतोस?"

"हो."

"आणि चूक तुझी?"

"हो."

त्यानं वर्तमानपत्राचं कात्रण पेटीत जपून ठेवलं होतं. ते आणून माझ्यापुढं धरलं. "यात तुझं नाव कुठं आहे? आपण खेड्यातले मास्तर, कशाला एवढं अंगाला लावून घ्यायचं? माझ्याकडूनच उकडायला कमी पडलं असेल. प्राध्यापक चुकीचं कसं लिहील?"

मी पुन्हा सांगितलं. तो माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "तुला वाईट वाटतंय, म्हणून बोलतोयस तू." त्याची बायको दारात उभी होती. तिनं आम्हाला चहा आणून दिला. मी तो प्यालो.

डोळखांबला परतल्यावर पाड्यावर गेलो. बाय ऐकत राहिली. मला वाटलं ती रागावेल. ती खाली बघत म्हणाली, "मी तं सांगितला व्हता." नंतर तिनं विचारलं, "त्या पुन्याच्या मानसाला कोनी सांगितला का, म्हातारा गेला म्हनून?" मी म्हटलं, पत्र टाकलंय. ते खरंच टाकलं होतं. त्याचं उत्तर अजून यायचं आहे.

त्यानंतर आठवड्याच्या बाजारी मी लोकांना थांबवून सांगायचो, कडू करांदा नुसता एकदा उकडून खाऊ नका. पाड्यांवरचे लोक हसायचे. त्यांना ते जन्मापासून ठाऊक होतं. ज्यांना ठाऊक नव्हतं ते मास्तरला आता हे काय लागलं म्हणून पुढं जायचे.

युद्ध संपत आलं त्या सुमारास कामानिमित्त ठाण्याला गेलो असताना तिथल्या एका वाचनालयात त्या त्रैमासिकाचे बांधलेले खंड दिसले. तो खंड काढून मी कोपऱ्यातल्या टेबलाशी बसलो. करांद्याच्या ओळीशेजारी समासात पेन्सिलीनं बारीक अक्षरात लिहिलं: हे चूक आहे. काप करून राखेत उकडावे, पाणी टाकून द्यावे, रात्रभर वाहत्या पाण्यात ठेवावे, कडू लागल्यास पुन्हा उकडावे. खाली बायचं नाव लिहिलं. पाड्याचं नाव लिहिलं.

ग्रंथपाल मागं येऊन उभे राहिलेले मला कळलं नाही. ते तापट नव्हते. "गुरुजी दिसता," ते म्हणाले. "तुम्हीच पुस्तकावर लिहायचं, मग पोरांना काय सांगायचं?"

मी त्यांना समजावू लागलो. लेख कोणाचा, चूक कोणाची, मुरबाडला काय झालं. त्यांनी मुखपृष्ठावरचं मंडळाचं नाव पाहिलं, लेखाखालचं प्राध्यापकांचं नाव पाहिलं, मग माझ्या कोटाकडे पाहिलं. टेबलाच्या खणातून रबर काढून माझ्यापुढं ठेवलं आणि समोरच्या खुर्चीवर बसून राहिले.

कागद पातळ होता, फाटू नये म्हणून हळूहळू पुसावं लागलं.