नणंदेच्या यजमानांचं ऊन

माझ्या नणंदेच्या यजमानांइतका उन्हावर जीव टाकणारा माणूस अख्ख्या कोपरगाव तालुक्यात झाला नाही. लोक लिंबाच्या सावलीला बसायचे. हे सावली आली की खुर्ची उचलून उन्हात जायचे. पाटाच्या पाण्याच्या कचेरीत कारकून. बहात्तरच्या दुष्काळाआधी त्यांना साखरेचा आजार निघाला. त्यातच कुठल्याशा मासिकात वाचलं, की उन्हानं अंगात ड जीवनसत्त्व तयार होतं. त्यानं साखर दबते, हे त्यांनी स्वतःच ठरवलं. मग दिसेल त्याचा रंग बघून ऊन वाटत सुटले. मिशनच्या दवाखान्यातल्या गोऱ्या नर्सला पंधरा मिनिटं, भटजींना अर्धा तास. मला म्हणाले, "वहिनी, तुमचा रंग पक्का. ऊन मुरायला दीड तास लागणार."

"भाऊजी, माझा जलम खुरपणीत गेला. मला ऊन शिकवू नगा."

"म्हणूनच तुम्हाला साखर नाही. खुरपणाऱ्या एका तरी बाईला आहे का?"

"त्यांची कुनी तपासलीय?" मी विचारलं. ते त्यांना ऐकू गेलं नाही.

एकदा तापल्या फरशीवर अनवाणी बसले आणि अंगठ्याला फोड आला. त्या आजारात पायाला कळत नाही, यांनाही कळलं नाही. जखम भरेना. डॉक्टर म्हणाले, उद्या लघवी आणा, साखर फार असली तर नगरला जाऊन अंगठा काढावा लागेल. नणंदेनं माझ्याकडून बाटली नेली. डॉक्टर लघवी निळ्या औषधात उकळायचे. निळी राहिली तर बरं. यांची विटेसारखी लाल झाली. सोमवारी नगरला जायचं ठरलं.

घरी येऊन त्यांनी खुर्ची आत घेतली. दोन दिवस कुणाच्या रंगाबद्दल अक्षर काढलं नाही. नणंद चुलीपाशी डोळे पुसायची. एरवी त्यांच्या बडबडीनं माझं डोकं उठायचं, पण ती शांतता मला सोसेना.

रविवारी मी काकवी भरायला फळीवरच्या रिकाम्या बाटल्या काढल्या. सगळ्यांच्या तोंडाला मुंग्या. नणंदेला दिलेली त्यातलीच. तशीच उठून गेले.

"भाऊजी, बाटली काकवीची हुती. मी नुसती पान्यानं खंगाळून दिली."

"म्हणजे डॉक्टरांनी काकवी तपासली?"

"व्हय."

"आणि अंगठा माझा काढणार होते."

बाटली चांगली उकळून सोमवारी लघवी पुन्हा नेली. निळी राहिली, जराशी हिरवट. डॉक्टरांनी नगर रद्द केलं आणि महिन्यात जखम सुकली. नणंदेनं मला शिव्याही दिल्या आणि जेवायलाही वाढलं. हे पुन्हा अंगणात.

मी म्हटलं, "दोन दिस घरात बसलात, तरी निळीच आली की."

"आधीचं साठलेलं ऊन, वहिनी."

पुढं पुष्कळ वर्षांनी ते गेले, म्हातारपणानं. शेवटचा नमस्कार करताना मी पायांवरची चादर जरा वर केली. दहाही बोटं जागेवर होती. घरातली सगळी रडत होती, आणि मी तिथंच पायाशी बसून राहिले, कुणी उठवेपर्यंत.