दोनशे घोड्यांच्या गाडीसाठी क्लच शोधताना

माझा मुलगा नितीन पुण्यात असताना त्याने एक जुनी डिझेल गाडी घेतली आणि तिच्या इंजिनाची ताकद कुणाकडून तरी वाढवून आणली. आता ती दोनशे घोड्यांच्या वर जाते म्हणतात. पुढे त्याची बदली बंगळुरूला झाली आणि गाडी आमच्या पांढुर्ण्याच्या घरी आली. सून वर्षा सौंसरच्या शाळेत शिकवते. रोज हीच गाडी नेते आणि तिला ती फार आवडते.

दिवाळीनंतर क्लच घसरू लागला. चढावर इंजिन ओरडायचे, गाडी मात्र जागची हलायची नाही. नितीनने फोनवर निकाल देऊन टाकला. वर्षा क्लचवर पाय ठेवूनच चालवत असणार, एवढ्या ताकदीला कंपनीचा क्लच पुरत नाही, बाहेरचा जड बसवला तर तिला रोज दाबवणार नाही, म्हणून गाडी विकून टाकू. वर्षा एवढेच म्हणाली की नाताळच्या सुटीत आपण बघून येऊ. पायाला झेपेल असा मिळाला तर गाडी राहील, नाही तर जाईल.

मी मान डोलावली. खरी गोष्ट मला ठाऊक होती. वर्षा माहेरी गेली होती तेव्हा शेजारच्या मनोहरची संत्र्याची ट्रॉली पाटाच्या चिखलात रुतली. एवढे घोडे दारात उभे आहेत तर ट्रॅक्टर कशाला शोधायचा, म्हणून मी दोर बांधून ती याच गाडीने ओढली. ट्रॉली निघाली, पण जळका वास दोन दिवस गेला नाही. हे मी घरात कुणाला सांगितले नव्हते.

शनिवारी सकाळी निघालो. सौंसरपर्यंत तासाभराचा रस्ता, पण चढावर हळू, म्हणून दीड तास लागला. मी दर दहा मिनिटांनी वास येतो का ते हुंगत होतो. दोन्ही बाजूंना फुटलेला कापूस आणि संत्र्याच्या बागा. थंडीत या रस्त्याने जरूर या, फक्त संत्र्याच्या ट्रकमागे घाई करू नका.

सौंसरच्या खलील मिस्त्रीने आधीच सांगून ठेवले होते की दुकानातला डबा पाहून क्लच घेऊ नका. ज्यांनी बसवला त्यांच्या गाडीत बसून पाहा. अशा दोन गाड्यांचे पत्ते त्याने दिले, एक लोधीखेड्याचा, एक बोरगावचा. मी सोबत संत्र्याच्या पिशव्या मोजायचा हुकाचा स्प्रिंगकाटा घेतला होता. पेडलला हुक अडकवून खाली ओढायचे, म्हणजे किती किलोचा जोर लागतो ते कळते. आमच्या जुन्या पेडलने अकरा किलो दाखवले. वर्षाने वहीत लिहून घेतले.

लोधीखेड्याला आधी बसस्टँडजवळ तर्री पोहे खाल्ले. वीस रुपयांत पोट भरते, पण वरचा तिखटजाळ रस्सा, म्हणजे तर्री, जपून मागा. मग नीळकंठराव नावाच्या संत्रा व्यापाऱ्याकडे गेलो. त्यांच्या क्लचप्लेटवर घासणाऱ्या अस्तराऐवजी सिरॅमिकचे सहा तुकडे आहेत. त्यांनी फार कौतुकाने सांगितले, की हा शर्यतीचा माल आहे, विमानही धरून ठेवेल. काट्याने एकोणीस किलो दाखवले. वर्षाने गाडी सुरू करून क्लच सोडला आणि गाडी अंगणातून अशी उड्या मारत निघाली की ओट्यावरच्या बायका आत पळाल्या.

खाली उतरून वर्षा म्हणाली, "भाऊ, क्लच दमदार हाय. पण शाळेत पोचेपर्यंत माझ्या डब्यातल्या वरणाचं ताक होईन."

नीळकंठराव रागावले नाहीत. उलट हळूच कबूल केले, की त्यांची बायको या गाडीत बसतच नाही. निघताना डझनभर संत्री दिली.

बोरगावच्या रस्त्यावर बागेच्या कुंपणाशी बसून पोळी आणि वांग्याची भाजी खाल्ली, वरून ती संत्री. वर्षा खुशीत होती. मी स्प्रिंगकाट्याचा हुक पुन्हा पुन्हा ओढून पाहत होतो. दुसरा क्लचही असाच निघाला तर?

बोरगावची गाडी कारखान्याला मजूर पुरवणाऱ्या एका ठेकेदाराची होती. त्याच्या प्लेटवर सगळीकडून साधेच अस्तर, मधोमध झटका सोसणाऱ्या स्प्रिंगा, फक्त प्लेट दाबून धरणारी वरची दाबपट्टी जास्त जोराची. काट्याने तेरा किलो दाखवले. मी पुन्हा लावला, तेराच. वर्षाने कारखान्याच्या फाटकापुढे वीस वेळा गाडी थांबवून उचलली. एकदाही झटका नाही. ठेकेदाराने सांगितलेली गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. क्लच इंजिनाच्या ताकदीपेक्षा थोडाच वरचा घ्यावा. दुपटीचा घेतला की त्याचा त्रास रोज पायाला होतो.

मुक्काम सौंसरलाच केला. रविवारी खलीलने तोच क्लच मागवला आणि सोमवारी गाडी खोलली. जुनी प्लेट बाहेर काढून त्याने उजेडात धरली. काळी पडली होती. ज्या चाकाला ती घासते त्यावर तापून पडलेले निळे डाग.

"हे रोजच्या चालवण्यानं नाही जळत," तो म्हणाला. "काही तरी ओढलं हाय या गाडीनं. कोनं ओढलं?"

वर्षा गोंधळून म्हणाली, मी तर काही नाही ओढलं. मग मी सगळे सांगितले, मनोहर, चिखल, दोर, वास.

वर्षा हसू लागली, इतकी की बाजूच्या टायरवर जाऊन बसली. "मामाजी, तीन हप्ते मी चप्पल काढून गाडी चालवून राहिली! पाय हलका पडावा म्हणून!"

ती हसत होती, पण मला ते फार लागले. मी तिथूनच नितीनला फोन लावला आणि वर्षाचा काही दोष नाही हे त्याला स्वतः सांगितले. तो म्हणाला, "बाबा, मंग क्लच कायले बदलता? चाबी लपवा." नंतर वर्षाशी बराच वेळ बोलला. काय बोलला ते मी विचारले नाही. फोन ठेवून ती म्हणाली, माफी मागून राहिला.

प्लेट ज्याला घासते ते चाक आणि बेअरिंग सोबतच बदलून घ्या, नाही तर मजुरी दोनदा पडते. नवा क्लच बसल्यावर खलीलने ताकीद दिली, की पहिले सहाशे किलोमीटर हळू, गावातून थांबत-उचलत चालवायची, जोर लावायचा नाही. मग काय, चार दिवस आम्ही सौंसर, बोरगाव, लोधीखेडा आणि मधली सगळी खेडी फिरत राहिलो. बाजारात बैलगाड्यांमागे मुद्दाम रांगेत लागलो. एका चहावाल्याने तिसऱ्या फेरीला विचारले, काही हरवलं काय? वर्षाने सांगितले, नाही, क्लच पिकवून राहिलो. त्याने तिसरा चहा फुकट दिला. मी दर फेरीला पाय दुखतो का म्हणून विचारत होतो. शेवटी ती म्हणाली, क्लचनं नाही, तुमच्या विचारण्यानं दुखून राहिला.

चौथ्या दिवशी दुपारी परत निघालो. सौंसर सोडल्यावर पहिल्याच चढावर समोर ट्रक थांबला. वर्षाने गाडी थांबवली, उचलली, आणि गाडी बोटभरही मागे न सरकता वर गेली. तिने लगेच नितीनला कळवले की गाडी विकायची नाही. मग पांढुर्णा वीस किलोमीटर राहिले असताना तिने गाडी कडेला घेतली आणि खाली उतरली.

"सरका तिकडे, मामाजी. आता तुमी चालवा."

मी नको म्हणालो. पुन्हा काही जळाले तर? तिने ऐकले नाही. डावा पाय पेडलवर विसावू देऊ नका, एवढेच सांगून बाजूला बसली. ट्रॅक्टर चालवण्यात माझे आयुष्य गेले, पाय तिथेच विसावायची सवय आहे. वीस किलोमीटर मी तो पाय सीटशी ओढून धरला. गाडी मात्र लोण्यासारखी चालली.

घरी पोचल्यावर बघतो तर वर्षा झोपलेली. कधी डोळा लागला, मला कळलेही नाही. मी गाडी बंद केली आणि बराच वेळ तसाच बसून राहिलो. तिला उठवले नाही.