पाणी मारलेली पानं

वंदू, मी गाव सोडलं त्या दिवशी वडसा स्टेशनावर तू माझा हात घट्ट धरला होतास आणि मी तो सोडवून घेतला होता. तेंदूचा, विडीच्या पानांचा, हंगाम नुकताच संपला होता, पानं तोडून तोडून तुझी बोटं काळी पडली होती. माझी मी आठ दिवस लिंबू घासघासून पांढरी केली होती. पुण्याच्या चित्रकलेच्या कॉलेजात तसली बोटं घेऊन जायची मला लाज वाटत होती. माय म्हणाली, "जा बाई, मागं पाहू नको." तू रडत होतीस. मला वाटलं, ही धाकटी माझ्यावर जळून राह्यली. खरं सांगते, तेव्हा मला बरं वाटलं होतं.

आता माझी बोटं रोज काळी असतात, कोळशानं, आणि इथे लोक त्याचं कौतुक करतात. जळते मात्र मी. तुझ्यावर.

कारण माय तुझ्याकडे आहे. तुझं लग्न कुरखेड्यातच झालं, बाबांच्या मागे ती तुझ्या घरी आली आणि तेव्हापासून तिच्या तोंडी एकच. यंदा मोहाची फुलं कशी पडली, विचारलं की "वंदाले विचार." माझी जुनी गोधडी कुठे आहे? "वंदाले विचार." घरातली थोरली मी, आणि मायलेकींनी मला पार पाहुणी करून टाकलं. सुट्टीत येते तेव्हा मला कपबशीत चहा, तुम्हाला स्टीलच्या गिलासात. ते गिलास बघून माझा जीव जळतो, तुला कधी कळलं नसेल.

यंदा एका प्रदर्शनासाठी मोठं चित्र करायला घेतलं, आपल्या फळीचं. इथल्या मैत्रिणीला फळी म्हणजे भांडी ठेवायची फळी वाटली. तेंदूपानाची पुडकी उन्हात मांडून वाळवायचं मोकळं रान, असं तिला समजावून सांगावं लागलं, आणि सांगताना माझी कॉलर ताठ झाली. प्लायवर जाड कागद चिकटवला. मागच्या खेपेला आणलेला लाल मुरूम ओढणीतून चाळला, गोंदात कालवून त्याचा हात दिला. तो वाळल्यावर वाकलेल्या बाया कोळशानं काढल्या. मायच्या लुगड्याचा काठ तेवढा शाईनं. मधली जागा रिकामी ठेवली. तिथे खरी पानं लावायची होती, ती तू पाठवलीस.

तुझी पानं धडधाकट आली, अगदी कुरकुरीत. मी पहिल्या पानाला गोंद लावून दाबलं, तर त्याचा चुरा. दुसरं, तिसरं, तेच. अख्खी दुपार गेली आणि खाली नुसता भुगा. माझ्याच गावचं पान, आणि माझ्या हाताला येईना.

मी रागारागानं तुला फोन लावला आणि म्हटलं, कुरिअरवाल्यांनी पार भुगा केला मेल्यांनी. तू म्हणालीस, "बरं ताई, पुन्हा पाठवीन."

दुसऱ्या खेपेला ओल्या फडक्यात गुंडाळलेलं एक पुडकं आलं, सालीच्या दोरीनं बांधलेलं. वर वहीचा कागद: "ताई, कुरिअरवाल्याची काई चुकी नसन. यावेळी पाणी मारून पाठवली."

वाळलं पान पोत्यात भरण्याआधी त्यावर पाणी मारावं लागतं, नाहीतर ते हातात फुटतं. संध्याकाळी फळीवर बाबा पाणी मारायचे आणि घागरी आणून देणारी मीच होते ना! तीन पिढ्या ज्या कामावर जगल्या, ते मी विसरले. मी पाणी मारीनच, असं धरून पहिली पानं तू कोरडी पाठवली होतीस. तुला फोनवरच कळलं होतं, आणि तू मला एका शब्दानं टोकलं नाहीस. टोकलं असतंस तर भांडता आलं असतं.

पुडकं मी सोडलंच नाही. तुझ्या गाठीसकट चित्राच्या मधोमध बसवलं. प्रदर्शनात लोक माझ्या कोळशाकडे बघेनात, त्या गाठीशीच घुटमळत. एका बाईंनी विचारलं, ही गाठ तुम्हीच बांधलीत का? मी म्हटलं, हो.

दुसरं खोटं. आणि ते त्यांना खरं वाटलं, हेच मला लागलं. इथे माझं काहीही चालतं. माझं खोटं चालत नाही अशी एकच जागा आता उरलीय, आणि तिथे तू राहतेस.

परवा प्रदर्शनात जाऊन चित्रावर माझ्या नावाखाली तुझं नाव लिहून आले. अक्षर माझ्याहून थोडं बारीक आलंय, मुद्दामच. तेवढं चालवून घे.

येत्या हंगामात येते. मला ती गाठ शिकव. पण मायसमोर नको.