शेठची मोटार, शेठचाच मिस्त्री

ज्याच्या मोटारीनं ठोकरलं त्याचाच मिस्त्री मोटार तपासणार, आणि फौजदार येणार त्याच शेठच्या दुसऱ्या मोटारीत फुकट बसून... ही कुठली चौकशी म्हणायची? आधी हे मनात धरा, मग राम राम घ्या.

चावडीच्या फळ्यावर लावायला हे मी स्वतः लिहिलंय. अक्षराला हसायचं त्यानं हसावं, पण पुरतं वाचावं.

परवा सकाळी नातू भिवा आणि मी कडब्याची गाडी घेऊन सोलापूरच्या बाजाराला निघालो होतो. ओढ्याचा पूल ओलांडून बैल चढाला लागले, तेवढ्यात समोरून अक्कलकोटला जाणारी शेठची उतारूंची सर्व्हिस मोटार उतारावरून आली. भोंगा वाजतोय, माणसं ओरडतायत, आणि मोटार काही थांबेना...

मी कडब्यासकट खाली. कडब्यावरच पडले म्हणून हाडं शाबूत राहिली. आमचा सर्जा बैल जागीच गेला. मोटारीतला एक बांगडीवाला डोक्यावर आपटला, त्याला टांग्यात घालून दवाखान्यात नेलं. तो वाचतो की नाही, अजून कुणी सांगत नाही.

आता भिवाची अक्कल बघा. दोन लेकरांचा बाप, पण बैल पडलेला बघून रडायलाच लागला. त्यानं सर्जाच्या मानेवरचं जू काढलं, चार माणसं धरून त्याला लिंबाखाली नेलं, गाडी रस्त्याच्या कडेला ओढली. मेल्या जनावराच्या मानेवर जू ठेवायचं नाही ही आमची रीत. रीत पाळली आणि गाडी रस्त्यात कुठं उभी होती त्याची खूणच पुसली.

शेठ आणि त्यांच्या मिस्त्रीबरोबर दुसऱ्या मोटारीतून आलेल्या फौजदारानं तेच धरलं. गाडी का हलवली, पुरावा का मोडला, गाडी रस्त्याच्या मधोमध होती ना, तू झोपला होतास ना... बांगडीवाल्याचं काही बरंवाईट झालं तर तुला खडी फोडायला धाडतो, असंही ऐकवलं.

मोटारीचा डायव्हर पाय मोडून लिंबाखालीच पडला होता, सर्जाच्या शेजारी. तो एकच म्हणत होता, "बिरेक पकड्याच नै, अम्मा." मला सांगत होता, कारण दुसरं कुणी त्याच्याकडं बघतच नव्हतं. शेठ म्हणाले, मार लागून बरळतोय, आमचा मिस्त्री बघेल.

मिस्त्री मोटारीखाली शिरला, निघाला, हात पुसले. ब्रेक ठीक आहे म्हणाला. म्हणताना फौजदाराकडं नाही, शेठकडं बघत होता.

मग माझ्यानं राहवलं नाही... पदर खोचला आणि पुढं झाले. भिवा मागून म्हणतोय, "आज्जे, गप बस की." आयुष्यभर गप बसले असते तर तू जेवला असतास का रे?

मी म्हटलं, "शेठ, बिरेक चांगला हाय न्हवं? मग मोटार चढावर न्या. तुमी बसा, फौजदारसायेब बसतील, मिस्त्री चालवंल. ह्याच उतारानं खाली आणा. मी पुलावर हुबी ऱ्हाते."

आणि खरंच जाऊन पुलाच्या मधोमध उभी राहिले.

मंडळी, काय सांगू... शेठनी टोपी काढून घाम पुसला. फौजदार मिस्त्रीला म्हणाले, बस. मिस्त्रीनं पायरीवर एक पाय ठेवला, उताराकडं बघितलं आणि पाय खाली घेतला.

"सायेब, माजी बी लेकरं हायत," म्हणाला.

उतारू असे ओरडले की आमचा उरलेला बैल बुजला. मला तर पुलावरच फुगडी घालावीशी वाटली!

फौजदारानं भिवाला कोठडीत नेलं नाही, पाटलाच्या हवाली केलं. मोटार जागच्या जागी ठेवायची, दुसऱ्या मिस्त्रीनं तपासायची, असं ठरलं. लगेच शेठ म्हणाले, नव्या पेठेत माझ्या ओळखीचा एक आहे. तेवढ्यात भिवाही पुढं सरसावला... आमच्या मामाचा लोहार आणतो म्हणाला.

मी दोघांनाही नको म्हटलं. भिवा अजून माझ्याशी धड बोलत नाही. पण मामाचा लोहार आमच्या मनातलंच बोलेल, हे मला ठाऊक आहे. तसं बोलणारा माणूस तर शेठकडंही होता.

सर्जा काही परत येत नाही, त्याबद्दल लिहिणार नाही. त्या मिस्त्रीचे मात्र उपकार मानते. पोटावर पाय येईल हे ठाऊक असून त्यानं पाय खाली घेतला.

आता ऐका. ह्या मोटारीला रस्त्यावर सोडायचा पास ज्या साहेबानं दिला, उत्तर त्यानंच द्यावं. शेठनं देऊ नये, फौजदारानं देऊ नये, कारकून धाडू नये. आणि येताना साहेबानं बैलगाडीनं यावं... शेठच्या मोटारीतून उतरणाऱ्याचं उत्तर आम्ही ऐकून घेणार नाही.