बापूरावांच्या यानातली बाई

बापूराव गेल्याचा फोन आला तेव्हा मी झाशीजवळच्या मोठ गावच्या बाजारात हातभर लांबीच्या मटारच्या शेंगांचा भाव करत होतो. शेंगा तिथेच टाकल्या आणि झाशीची बस धरली... आता आपल्या थापा इतक्या गंभीरपणे ऐकणार कोण, एवढंच वाटेभर मनात येत होतं.

झाशीच्या प्रेमनगर मोहल्ल्यातले आमचे हे इंजिनियर बापूराव कारखान्यात ट्रान्सफॉर्मर तपासून निवृत्त झाले आणि पदरच्या पैशांनी विज्ञानकादंबऱ्यांची मालिका छापू लागले. झाशीत, मराठीत! मोठी माणसं सवड काढून वाचायची, पोरांना मराठी कळते पण वाचता येत नाही. शनीकडे निघालेल्या यानाचा एकेक बोल्ट त्यांनी असा रंगवलेला, की वाचून झाल्यावर मला हात रॉकेलनं धुवावे लागत. माणसं मात्र पत्र्याची. संकट आलं की कप्तान आधी तपासणीचा अहवाल मागवी, मग घाबरे. खंडेराव गेटजवळचा छापखानेवाला एकदा कळवळून म्हणाला, "साहब, इसमें कोई झगड़ता क्यों नहीं?"

नवा भाग आला की बापूराव माझ्या दारात. "बोला, पास की नापास?"

"माझ्यासारख्या थापाड्याला काय विचारता?"

"ज्यानं बनवलं त्यानं तपासायचं नाही, हा कारखान्याचा नियम. आणि खोटं कुठं उघडं पडतं, हे तुमच्याइतकं कुणाला कळणार, भैया?"

मी दर वेळी सांगे, यंत्रं पास, माणसं नापास. ते चष्मा पुसत म्हणत, "दुरुस्ती करू."

शेवटचा भाग त्यांनी अंथरुणातूनच हाती दिला. "आता दुरुस्तीला वेळ नाही. नीट वाचा." मी तिथेच बसून वाचू लागलो. यानात या वेळी स्वयंपाकाला एक बाई होती. कप्तान दुर्बिणीला डोळा लावून बसलेला, आणि ती ओरडत होती, "शनी कुठं पळून जात नाही! आधी चार घास खाऊन घ्या. अरे भैया, कोई समझाओ इन्हें!" मी खूप शोधलं, पण चूक सापडली नाही.

"पास," म्हटलं.

"खरं?"

"अशी थाप मलाही जमली नसती, बापूराव."

ते भिंतीकडे तोंड करून बराच वेळ हसत राहिले...

तेराव्यानंतर बापूरावांच्या पत्नीला, सुशीलावहिनींना, भेटायला गेलो. त्यांनी नवऱ्याचं एकही पुस्तक वाचलं नव्हतं. "नुसते नट-बोल्ट हो," म्हणाल्या. बापूरावांच्या खोलीत, त्याच पलंगाशी बसून मी त्या बाईचं तेवढं पान मोठ्यानं वाचलं. वहिनी चादरीची घडी घालत होत्या, ती हातातच राहिली.

"मी अशी ओरडते?"

मी पान उलटलं.

"बरं, पुढं वाचा," त्या हळूच म्हणाल्या. "जेवला का तो?"